तीर्थाबरोबरची गोळी

नांदेड,
ता. ११ एप्रिल १९८६

तीर्थरूप अण्णांना विरूपाक्षचं शरणार्थ. पार्वतम्मा वैनींनाबी शरणार्थ.

कांता, अण्णांच्या डोळ्याचं आपरेशन झाल्यापासून त्यांची पत्रं तूच वाचून दाखवतीस, मला ठाऊक हाय. हेबी वाच. मोठ्यानं वाच आणि मधी थांबू नको बेटा.

इकडं आम्ही बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा तेवढा दुखतो. पाण्याचे हाल तुमच्या उदगीरसारखेच. मी टँकर घेऊन उमरीच्या बाजूला जात असतो. बाया घागरी घेऊन गावाबाहेरच उभ्या असतात. परवा एकजण म्हणली, "आधीचा डायवर पिऊन पडायचा, तुम्ही बरं नेमानं येता." मी म्हणलो, मीबी पडायचो बाई, आता गोळी खातो. ती हसली. म्हणली, "मग खात जावा की, आमच्यासाठी तरी."

तिला कळलं ते अण्णा, तुम्हाला कसं कळंना?

तुम्ही दुसऱ्याच्या हातानं लिहून पाठवलं, मठात ये, स्वामींसमोर इष्टलिंग हातात घेऊन शपथ घे, गोळ्या फेकून दे. तरच कांताच्या लग्नात बाप म्हणून उभा राहा, न्हाईतर मी आणि पार्वतम्मा उभे राहतो. मुरुडचे पाहुणे मोठे, पोरगा लातूरच्या नव्या कचेरीत कारकून. जिल्हा झाल्यापासून लातूरच्या कारकुनाचाबी तोरा काय विचारता! त्यांना वेड्याच्या डॉक्टरची गोळी दिसली तर घराण्याला बट्टा लागंल, असं तुमचं म्हणणं.

लागू द्या. गोळी सुटणार न्हाई.

शपथ मी काय घेतली न्हाई का? तुमच्याच शेजारी उभं राहून दरसाल घेतली. लिंग हातात असायचं तवा मन खरंच साफ असायचं, खोटं न्हाई सांगत. पण मठाच्या पायऱ्या उतरून नाक्यावर आलं की पाय आपोआप वळायचे. आता सकाळी गोळी पोटात गेली की मला पक्कं माहीत असतं, आज घोट घेतला तर जीव जायची पाळी येईल. मग मी नाक्यावरून गाडी काढतो आणि पुढं जातो.

तुम्ही म्हणता, गोळी खातो म्हणजे मनात दारू हायच. हाय की! कोण न्हाई म्हणतंय? म्हणून तर खातो. तुम्ही ब्लडप्रेशरची गोळी खाता. तुम्हाला कुणी म्हणतं का, मठात जा, शपथ घ्या आणि प्रेशर उतरवा?

सुपारीच्या दिवसाचं मी लिहिणार नव्हतो. त्या दिवशी पाहुण्यांदेखत माझं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडाया लागली, सतरंजीवरच ओकलो. मुरुडकर उठून उभे राहिले. तुम्ही गचांडी धरून मला बाहेर काढलं. नांदेडला आल्यावर डॉक्टरनं विचारलं, काय काय खाल्लं होतं? मी सांगितलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. तरी मी तुम्हाला कळवलं न्हाई. कळवायचंच नव्हतं. लोकांनी प्यालेला म्हणलं, म्हणू दे, सवय हाय मला.

पण तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं, "कांतालाही आता कळून चुकलं, बाप सुधरायचा नाही." हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. हे कसं ऐकून घ्यावं? माझ्या पिण्यापायी लेक तुमच्या घरी वाढली, उपकार मानतो. पण तिच्या मनात हे खोटं घेऊन ती सासरी जाणार असंल तर मी गप बसणार न्हाई.

कांता, ऊठ. सैपाकघरातल्या देवळीत द्राक्षासवाची बाटली असंल. झाकण काढ आणि अण्णांच्या नाकाजवळ धर.

अण्णा, आला वास? ती दारूच. आसव आंबवूनच करतात, त्यात दारू आपोआप तयार होते, डॉक्टरनं सांगितलं. मला आयुष्यभर वास ओळखता आला आणि त्या दिवशीच कसा ओळखला न्हाई, देव जाणे. औषध म्हणून दिलं, औषध म्हणून प्यालो. गोळीवर ते पडलं आणि माझी ती गत झाली. गोळी काम करत होती, अण्णा!

वैनी, तुम्ही दारात उभ्या असाल. रडू नका. रातभर एसटीत बसून आलो म्हणून तुम्हीच म्हणालात, "लई वाळलास रे इरूपा, घे जरा, अंगात जीव यील." चमचाभर द्यायचं ते मायेनं अर्धी वाटी ओतलं. आमची आई, अव्वा गेल्यावर त्याच हातानं मला भरवलं तुम्ही. तुमचं नाव निघू नये म्हणूनच मी तोंड मिटून होतो. अण्णा, वैनींना एक शब्द बोललात तर माझ्याशी गाठ हाय.

आता लग्नाचं. मी येणार. तुम्ही बोलवा न्हाईतर न बोलवा. सकाळी लिंगपूजा करीन, मांडवातच करीन, मुरुडकरांसमोर. मी गोळी तीर्थासंगंच घेतो, रोज. पूजा झाली की कांताची आई नीलम्मा गोळी तळहातावर ठेवते, मी तीर्थ घेतो आणि गिळतो. यात लिंगाचा अपमान होतो असं वाटत असंल तर स्वामींना घेऊन या, त्यांच्यासमोर गिळतो. पोराकडचे विचारतील त्यांना मीच सांगीन कशाची गोळी हाय ते. हे ऐकून लग्न मोडणारं घर असंल तर आताच कळलेलं बरं.

कांता, तुला एक मागतो. त्या दिवशी गोळी तुझ्या आईनं न्हाई, तू माझ्या हातावर ठेव. तुझा बाप प्यालेला नव्हता, एवढं तुला पटलं असंल तरच ठेव. न्हाई पटलं तर जबरदस्ती न्हाई, मी माझ्या हातानं घेईन आणि लांब उभा राहून अक्षता टाकीन.

हात मात्र पुढं करून ठेवीन.

तुमचा धाकटा भाऊ खरा, पण आधी कांताचा बाप,
विरूपाक्ष