दौलतकाकांचं सुतक

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

मु. कान्हे

तीर्थस्वरूप वन्संना रतनचा वाकून नमस्कार. दाजींच्या गुडघ्याला तिळाचं तेल लावताय ना? (विकतचं मलम घेऊ नका, नळीत निम्मी हवा असते.) लोणावळ्याच्या धुक्यात तुमचे पापड वाळत नसतील तर इकडे पाठवा. आमच्या पत्र्यावर ऊन भरपूर आहे आणि त्याचं बिल येत नाही.

मागच्या महिन्यात मी फोन करून "वन्सं, तीन दिवस देवाला हात लावू नका" एवढंच बोलले आणि ठेवला. तुम्ही बिचाऱ्यांनी सुतक पाळलंत. कुणाचं ते विचारायला फोन केलात, तर मी उचलला नाही. रागावू नका. फोनवर सांगायची सोय नाही, कारण तुमचे भाऊ शेजारीच बसलेले असतात आणि हा विषय निघाला की ताटावरून उठतात. म्हणून पत्र.

झालं असं, की एके दिवशी दारात पवनराव नावाचे गृहस्थ आले. पांढरे कपडे, गॉगल आणि मिशी तर अशी, की निवडणुकीला उभी करावी. आल्या आल्या ह्यांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले, "काका, मी तुमच्याच रक्ताचा." त्यांचं म्हणणं असं, की घाटातल्या रेल्वेचे बोगदे खणले तेव्हा आपल्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ साहेबाच्या हाताखाली होते. पुढे ते साहेबाबरोबर आफ्रिकेला गेले, तिथं वंश वाढला, आणि त्या वंशातले दौलतकाका परवाच निपुत्रिक वारले. त्यांचा खंडाळ्याला दरीच्या तोंडावर बंगला आहे. वारस आपण. फक्त कोर्टाच्या स्टँपाचे पैसे आधी भरायचे. "आणि लेकीबाळींना एवढ्यात कळवू नका, सह्या वाढतात," असंही म्हणाले. (मला ते तेव्हाच खटकलं होतं, पण पुरुषमाणसं बोलत असताना मी मध्ये पडत नाही.)

ह्यांनी लगेच कोमलच्या लग्नाची ठेव मोडायचं ठरवलं. वन्सं, ती ठेव म्हणजे माझा गेली कित्येक वर्षं न घेतलेला दुपारचा चहा. ती गेली असती तर पोरीचं लग्न पुढच्या जन्मावर गेलं असतं. पण खोटं कशाला लिहू, मला शंका अशी आलीच नाही. मला दौलतकाकांचं वाईट वाटलं. माणूस परक्या मुलखात गेला आणि आपण त्याच्या खोल्या वाटत बसायचं? मी म्हटलं, भावकीतलं माणूस गेलंय, आधी सुतक. सुतकात ठेव मोडायची नाही, कशावर सही करायची नाही. भावकीत निरोप गेले, देव्हाऱ्यावर पडदा पडला. पवनराव तर काकांना सगळ्यात जवळचे, त्यांना कसं जाऊ देणार? त्यांना घोंगडीवर झोपवलं आणि बिनफोडणीचं वरण वाढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "काकू, मावळात गावरान कोंबडं चांगलं मिळतं म्हणे?" मी म्हटलं, मिळतं, तेराव्यानंतर. (त्या महिन्यात तेलाचा डबा अर्धा उरला, हे एक समाधान.)

दहाव्याला सगळे इंद्रायणीच्या घाटावर. न्हाव्यानं वस्तरा काढला तसे पवनराव म्हणाले, "आमच्या आफ्रिकेत ही पद्धत नाही." आपल्या सरूबाई चुलतीचा आवाज तुम्हाला ठाऊक आहेच. "तितं नसंल, पर तू आता हितं बसलायस. बंगला बी पायजे आन मिशी बी पायजे व्हय रं?" मिशी गेली. मिशीखालचा माणूस अगदीच बारका निघाला.

पिंड मांडला. कावळे समोरच्या उंबरावर बसलेले, पण एक हलेना. कैलासभाऊजींनी हात जोडून सांगितलं, "दौलतकाका, बंगला इकनार न्हाई." कावळे गप्प. "वाटन्या करताना भांडनार न्हाई." हे ऐकून तर एक कावळा उडूनच गेला. ऊन चढलं, पवनरावांचं नवंकोरं टक्कल लाल झालं. सरूबाई म्हणाल्या, "तुझ्यावर लय जीव व्हता ना त्येंचा? मग तूच बोल की. म्हाताऱ्याचं कायतरी अडलंय. पैक्याचंच आसंल." शेवटी ते कातावून ओरडले, "बरं बाबा, स्टँपाचे पैसे मीच भरतो!" आणि वन्सं, देवाशपथ, एका कावळ्यानं अशी झडप घातली की पानावर शीत उरलं नाही.

साऱ्या भावकीनं हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता ह्यांनी पैसे दिले असते तर मेलेल्या माणसाचं मन मोडलं असतं. पवनराव म्हणत राहिले, "अहो, मी आपलं असंच बोललो." सरूबाई म्हणाल्या, "मग म्हातारा बी असंच रोज तुझ्या दारात यिऊन बसंल." तेव्हा ते "चेकबुक घेऊन येतो" म्हणून लोणावळ्याला गेले, ते गेलेच.

नंतर कैलासभाऊजींच्या वडिवळ्याच्या सासुरवाडीहून कळलं, की हाच गृहस्थ गेल्या साली तिथं दुसऱ्या नावानं येऊन, दुसरे काका मारून, लोकांचे भाताचे पैसे घेऊन गेला. तिथं तो वकील म्हणून गेला होता. वकिलाला सुतक नसतं. आमच्याकडे त्याला नातेवाईक व्हायची हौस नडली.

तर कोमलची ठेव जागच्या जागी आहे. लोभ वाईट, वन्सं. त्या बंगल्याचा विचारसुद्धा आम्ही मनातून काढून टाकला आहे. दाजींना नमस्कार, धवलला आशीर्वाद.

तुमची भावजय,
रतन

ता. क. – गुरुजी म्हणतात, एकदा पिंड दिला म्हणजे दौलतकाका आपले झाले, मग ते असोत वा नसोत. पितृपक्षात त्यांचं पान मी वाढणार आहे. (वरणाला फोडणी घालून. त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं.)

ता. क. दुसरा – चंपाआत्या सांगतात, आपल्यातलं कुणीतरी बोगद्याच्या कामावरून परत आलं नव्हतं, एवढं मात्र खरं आहे. आणि मला सांगा, मेलेलंच कुणी नव्हतं, तर कावळा आला कशाला?

ता. क. तिसरा – सोबत एक कागद आहे. खंडाळ्याच्या बंगल्यावरची तुमची हक्कसोड. बंगला नाहीच, तेव्हा सही करायला तुमचं काय जातंय? तुमच्यासाठी साडी घेऊन ठेवली आहे (सेलमधली, पण काठ जरीचा). कागद दाजींना एवढ्यात दाखवू नका. सह्या वाढतात.