लिंबातली मरळ

३ नोव्हेंबर
बोथ गावी राहायला आलो. घर झकास. समोर रस्त्यालगत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मागे पाण्याचं टाकं. पुढच्या रविवारी बायको, नीलिमा, वांकिडीहून येईल. तिने माझी कच्ची मरळ आजवर तोंडात घातलेली नाही. यंदा खाऊ घालणारच. ही कला मला कुणी शिकवली नाही. मोटारींसारखीच पाहून-करून उचलली. बाजारातून जिवंत मरळ आणली, सुरीला आधी धार लावली. तिरपे, कागदासारखे काप. मीठ, लिंबू, मिरची. अर्धी बर्फाच्या कप्प्यात ठेवली, नीलिमासाठी.

घरमालकीण रेणुकाबाई दारातूनच ओरडल्या, "काय हो खुशालभाऊ, विस्तव नाय दाखवला? इथं मासा आधी चुलीवरून फिरवतेत. नायतर तो मेला हे त्यालेच कळत नाय!"

मी म्हणालो, बाई, त्याला कळवायचं काम लिंबू करते. त्या हसल्या नाहीत.

५ नोव्हेंबर
चव उत्तम होती. एक खटकलं. लिंबात काप पांढरे पडायला हवेत, ते काचेसारखेच राहिले होते. लिंबंच शिळी असणार.
तहान फार लागते. सकाळी भरलेला माठ दुपारी कोरडा. दुसरी किल्ली रेणुकाबाईंकडे आहे. भाडेकरू हुसकायच्या या जुन्या युक्त्या.

७ नोव्हेंबर
जेवायला घरी आलो तर टाक्यापासून माझ्या गादीपर्यंत ओली पावलं. बाईंना जाब विचारला. म्हणाल्या, "या वयात मी तुमच्या गादीवर काऊन येऊ, भाऊ?" शेजारणी खिदळल्या. मग बाईंनी माझ्या पँटकडे बोट दाखवलं. गुडघ्यापर्यंत निथळत होती.
दुकानात पाणी सांडलं असेल. मला कळलं कसं नाही?

८ नोव्हेंबर
चहा करता येईना. ज्योत पेटली की हात आपोआप मागे. बाईंनी शेगडीला काही केलंय. नळी, रेग्युलेटर, बर्नर, सगळं खोलून पाहिलं. दोष नाही. माझ्या हाती यंत्र आलं आणि दोष सापडला नाही, असं कधी झालेलं नाही.
म्हणजे दोष शेगडीत —

९ नोव्हेंबर
भर दुपारी जाग आली. टाक्यात. पाणी डोक्यावरून. श्वास — त्याची गरजच पडली नव्हती.
नीलिमाला फोन केला, येऊ नको. "नवं घर लागलं अन् सुरू झाले तुमचे तमाशे?" म्हणाली, हसली, फोन ठेवला.
उरलेली मरळ जाळायला हवी. माझ्याने जाळवत नाही. रेणुकाबाईंना सांगावं तर — त्या शेजारणींसमोर? नाही. उद्या सांगतो.

१० नोव्हेंबर
पुन्हा टाक्यातच जागा झालो. उशीर. दारात नीलिमाची चप्पल. मरळीची ताटली पुसून घेतलेली.
"जमली बरं तुमाले," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.
धावत रेणुकाबाईंकडे. सगळं सांगितलं. "आत्ताच खाल्लं ना? मंग विस्तव दाखवला तर बायको वाचते तुमची. धरून ठेवा तिले," म्हणाल्या, विस्तव आणायला गेल्या.
एका हाताने तिला धरून बसलोय, दुसऱ्याने हे लिहितोय. तिचा हात गार पडत चालला —
विस्तव दारात आला. नीलिमा कानाशी म्हणते, पाण्यात चला ना. नाही. तिला दाराकडे ढकलायचं, एवढंच. एवढं एकच —
रेणुकाबाई ओरडताहेत, सोडा तिले, भाऊ, सोडा — मी कुठे — मीच तिला मागे ओढ