तीन हजार एकशे बारा

२ जून, सोमवार
तीन हजार एकशे बारा! मे महिन्यात माझ्या ब्लॉगवर एवढे वाचक आले. आकडा दोनदा तपासला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासला.

लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. मालक म्हणाले, तीस तारखेला तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात हा आकडा जाहीर करू. त्यांना बरंच झालं. चौतीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या जागी मशीन आणून बसवल्यावर भाषणात बोलायला काहीतरी हवंच. मशीन एका दुपारीत सहा कवळ्या काढतं, चहा मागत नाही आणि मालकांच्या विनोदावर माझ्याइतकंच हसतं.

मला त्याचं काही नाही. म्हणजे आहे, पण तीन हजार एकशे बारा असल्यावर कमी आहे. हाताला जे कळलं ते दोन वर्षं दर बुधवारी लिहून ठेवतोय. टेबल घ्या म्हणावं, वाचक माझे आहेत.

घरी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, दळण आणलं का.

४ जून, बुधवार
आजचा लेख वाकड्या दातावर. आमच्याकडे माणूस येत नाही, त्याचं तोंड येतं, तेही प्लॅस्टरचं, डब्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर नंबर आणि तक्रारीचा रकाना. चौतीस वर्षांत माझे दात लावून जेवणारा एकही माणूस मी पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी एका चिठ्ठीवर होतं, ‘बाईंचं वय ७९. वरचा पुढचा उजवा दात किंचित वाकडा ठेवावा. पूर्वी तसाच होता.’ जन्मभर दात सरळ बसवले. हा एक वाकडा बसवायला अख्खा दिवस गेला, हात आपोआप सरळ करायचा! शेवटी जमला. माझं सगळ्यात चांगलं काम तेच. मशीनला सांगून बघा म्हणावं.

७ जून, शनिवार
लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, अशाच आकड्यांचं काम करते. कौतुक करेल या आशेने मीच विषय काढला. तिने पासवर्ड मागितला. दहा मिनिटं नुसता टकटक आवाज. मग म्हणाली, “बाबा, यातली माणसं किती?”

हा काय प्रश्न झाला? मग बाकीची काय, गुरं?

८ जून, रविवार
गुरं नाहीत. यंत्रं. इंटरनेटवर म्हणे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम असतात, प्रत्येक पानाला शिवून पुढे जातात. दोन हजार एकशे नव्वद! इथेही मशीनच.

उरले नऊशे बावीस. नऊशे बावीस म्हणजे भरलेलं नाट्यगृह, बाल्कनीसकट. मला चालेल.

१० जून, मंगळवार
बाल्कनी रिकामी झाली.

लेकीने विचारलं, लॅबच्या कॉम्प्युटरवरून एवढं कोण वाचतं? एकाच ठिकाणाहून सहाशे चाळीस वेळा. छाती फुगली. म्हटलं, सहकारी! मग आठवलं आणि फुगलेली जागच्या जागी बसली. गेल्या वर्षी मीच लॅबच्या तिन्ही कॉम्प्युटरवर इंटरनेट उघडलं की आधी माझा ब्लॉग दिसेल अशी सोय करून ठेवली होती. लोकांना सवय लागावी म्हणून.

सवय लागली. काउंटरवरच्या बाई कुरियर कुठवर आलं ते बघायला दिवसातून पंधरा वेळा इंटरनेट उघडतात. आधी मी दिसतो. मला बंद करून त्या कुरियर बघतात. आज त्यांना मुद्दाम विचारलं, ब्लॉग कसा वाटतो? म्हणाल्या, “तो निळा कागद होय? मला वाटलं, कॉम्प्युटर बिघडलाय.”

उरले दोनशे ब्याऐंशी.

११ जून, बुधवार
त्यातला दोनशे एकतीस वेळा आलेला वाचक सापडला. तो मीच. कोणी आलंय का ते बघायला जातो, आणि बघितलं की एक आलेला असतो.

आज लेख टाकला नाही.

१४ जून, शनिवार
उरले एक्कावन्न. लेक म्हणाली, राहू द्या बाबा, एवढ्यावर थांबू. तिचा आवाज मऊ झाला होता. डॉक्टर दात काढायच्या आधी करतात तसा. म्हटलं, मुळापर्यंत जा.

शेहेचाळीस जण ‘कवळी कशाने चिकटवावी’ शोधत आले आणि चार सेकंदांत गेले. त्यांचा राग नाही. त्यांची कवळी सुटलेली असणार, त्यांना माझं चिंतन काय करायचंय?

म्हणजे पाच. मी म्हटलं, चला, पाच तर पाच! पाच माणसं मन लावून वाचतात.

“पाच नाहीत बाबा,” लेक म्हणाली. “कॉम्प्युटर एकच आहे. मे महिन्यात गुरुवार पाच होते.”

दर गुरुवारी बरोबर चार वाजता. पन्नास-पंचावन्न मिनिटं. मी म्हटलं, हाही प्रोग्रॅमच असेल. ती म्हणाली, प्रोग्रॅम एवढा वेळ थांबत नाहीत, त्यांना कामं असतात.

मग कोण? माझा लेख दहा मिनिटांत संपतो. पंचावन्न मिनिटं म्हणजे पान उघडून झोप लागलेली असणार. विचारायचीही सोय नाही. एकाने ‘स्वस्तात कवळी मिळेल का’ असं लिहिल्यावर रागाच्या भरात प्रतिक्रिया मीच बंद केल्या होत्या.

बायकोवर संशय घेतला. ती म्हणाली, “अहो, मला जेवताना सगळं ऐकावंच लागतं. परत वाचू कशाला?”

१६ जून, सोमवार
बंद केला. जुने लेख झाकले आणि एक ओळ टाकली, ‘हा ब्लॉग बंद झाला आहे. वाचकांचे आभार.’ मग हिशोबाला धरून ‘वाचकाचे’ केलं.

मालकांना म्हटलं, भाषणात आकडा नको. त्यांनी कारण विचारलं नाही. मशीनचं प्लॅस्टिक संपलं होतं, त्या गडबडीत होते.

चेष्टा पुरे. वाईट वाटतंय. टेबल गेल्याचं नाही एवढं. कुठलं मेण केव्हा मऊ होतं, हिरडीचा रंग कसा जुळवायचा, म्हातारं तोंड कुठे दुखतं, हे सगळं कोणाच्या तरी कानावर जातंय असं समजून दोन वर्षं बोलत होतो. खोलीत कोणीच नव्हतं.

१९ जून, गुरुवार
बघायचं नाही ठरवलं होतं. चारला बघितलं. आधी स्वतःला वजा केलं, आता शहाणा झालोय.

चार वाजून दोन मिनिटांनी तो आला. पावणेपाचपर्यंत होता!

एका ओळीवर? त्रेचाळीस मिनिटं? आहे तरी कोण हा, एवढं सावकाश वाचणारा?

२२ जून, रविवार
लेकीने विचारलं, पुन्हा सुरू करताय का? म्हटलं, एका झोपाळू माणसासाठी? ती म्हणाली, निदान जागं तरी करा त्याला. माझ्यावर गेली आहे.

२५ जून, बुधवार
डॉक्टरांकडून दुरुस्तीचा डबा आला. उघडला. वरची कवळी. पुढचा उजवा दात किंचित वाकडा.

हातात घेऊन उलटसुलट पाहिली. तडा नाही, टवका नाही. ठणठणीत. चिठ्ठीवर तक्रारीच्या रकान्यात डॉक्टरांचं नव्हे, थरथरतं, मोठं अक्षर होतं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

‘तक्रार – गुरुवारी चार वाजता चालत नाही. आमच्या वृद्धाश्रमात कॉम्प्युटर एकच आहे, दिवाणखान्यात. आम्ही सतरा जण बसतो, मी मोठ्याने वाचते, मग सगळे भांडतात. मागच्या गुरुवारी तुमची ती एकच ओळ होती. त्यावरही भांडलो. वाकड्या दाताचा लेख वाचताना माझ्या लक्षात आलं, हा तर माझा दात! डॉक्टरांना विचारलं तेव्हा तुमचा पत्ता लागला. इथे अकरा जणांच्या तोंडात तुमचंच काम आहे. मी वाचते ते तुमच्याच दातांनी. ते काढून पाठवले आहेत, तोंडाचं बोळकं झालं आहे. दुरुस्त करून लवकर पाठवा.’

उद्या गुरुवार. कवळी नुसती पॉलिश केली, दाताला हात लावला नाही. डबा सकाळी मीच नेऊन देणार आहे. लेख अजून लिहायचाय.