पासवर्डातला तिचा अर्धा वाटा

ती. ताईंना,

धाकट्या आणि सध्या नावडत्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? साडूभाऊंची चौकशी करत नाही. (ते कायम ठणठणीत असतात, हीच त्यांच्याबद्दलची माझी तक्रार आहे.) आमच्याकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहितो. तुमची बहीण रुसून तुमच्याकडे आली आहे, तेव्हा अर्धी हकिगत तुमच्या कानावर गेलीच असेल. उरलेली अर्धी मी सांगतो, मग मला काय बोलायचं ते बोला.

आमच्या संगणकाची जुनी डिस्क कण्हायला लागली, म्हणून नवी आणली. संगणकात होम डिरेक्टरी नावाचा एक मोठा फोल्डर असतो, आपला सगळा संसार त्यात राहतो. तिने बेतलेल्या नाटकाच्या कपड्यांचे आराखडे, मी अनुवाद केलेली औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, तुमच्या आईंचे सगळे फोटो. तो उचलून नव्या डिस्कवर ठेवायचा, एवढंच काम होतं. पण मला अवदसा आठवली आणि मी नवी डिस्क एन्क्रिप्ट करायला घेतली. म्हणजे पासवर्ड दिल्याशिवाय आतलं एक अक्षर कुणाला वाचता येत नाही. ती म्हणाली, "कुणापासून लपवतोयस? गोळी जेवणानंतर घ्यावी, हे काय गुपित आहे?"

पहिल्या खेपेला तो फोल्डर चुकून त्याच्याच पोटात कॉपी झाला, आणि डिस्क भरेपर्यंत मी कौतुकाने बघत बसलो. (जन्मभर लोकांना 'वापरण्यापूर्वी सूचना नीट वाचा' असं सांगणाऱ्याने सूचना वाचल्या नव्हत्या. हे तिने तुम्हाला सांगितलं असेलच.) दुसऱ्या खेपेला सगळं नीट गेलं, पण संगणक म्हणाला की या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही. स्वतःच्या घरात परवानगी नसण्याची मला इतकी सवय आहे की काही बिघडलंय हेच आधी लक्षात आलं नाही. शेवटी तेही निस्तरलं.

मग पासवर्ड. ती म्हणाली, घर दोघांचं तर किल्लीही दोघांची. अर्धा पासवर्ड माझा, अर्धा तिचा, आणि एकमेकांना सांगायचा नाही. तेव्हापासून रोज सकाळी चहा घेऊन दोघं संगणकापुढे. मी माझा अर्धा टाइप करायचो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो, मग ती तिचा टाइप करायची. एखादं अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि कुणाचं चुकलं यावर चहा गार. एकदा मला घाई होती आणि ती अंघोळीला गेलेली. मी दारातून ओरडलो, "तुझा अर्धा सांगून टाक ना, रोजची कटकट कशाला?"

ती बाहेर आली ती थेट बॅग भरायला लागली. दारात एवढंच म्हणाली, "दिवसभरात हे एवढं एकच काम आपण दोघं मिळून करत होतो. तेही तुला जड झालं."

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, हे कुलूप देवालाही उघडायचं नाही. तेव्हा तिचे आराखडे, माझं काम आणि तुमच्या आईंचे फोटो आत अडकून पडले आहेत. निदान त्या माउलीकडे पाहून तुम्ही तिच्याकडून तो अर्धा पासवर्ड काढून घ्या आणि मला कळवा, ही कळकळीची विनंती.

तुमचा,
थकलेला मेहुणा

ता. क. आईंच्या फोटोंची काळजी करू नका. जुनी डिस्क मी पुसलेली नाही. कण्हत का होईना, सगळं दाखवते. हे पत्रही त्याच डिस्कवर लिहिलं आहे. काहीही अडलेलं नाही. हे तिला सांगू नका.

आणखी एक. चिडून तिने पासवर्ड खरंच तुमच्याकडे दिला, तर मला कळवू नका. तिलाच टाइप करायला पाठवा. मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे.