जे हलायला नको ते

बाबा, आज दुपारी खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेली, मागे शॉकअप असलेली, आणि ती कुरकुरत होती. मी भाजी चिरत होते. विळी तशीच सोडून गॅलरीत आले तोवर सायकलवाला वळणाआड गेलाही होता. छाती अशी धडधडायला लागली की खुर्चीत बसून घ्यावं लागलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असल्या बाबतीत बोलायला मला दुसरं माणूस नाही. इतर कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाईंना सायकलच्या आवाजाची भीती वाटते, दाखवा कुठेतरी!

मी तेव्हा आपटा गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. आपले शेजारी, ते करंजाकडचे, जहाजावर नोकरीला असलेले, त्यांनी कुठल्याशा परदेशी बंदरातून ती सायकल आणली होती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते म्हणाले, "माझ्या आयला रोज येऊन इंजेक्शनं दिलीस, घेऊन जा ही. माझ्याकडं नुसती गंजतेय." जाडजूड टायर, मधली दांडी साडीवाल्या बाईला सोयीची अशी खाली वाकलेली, आणि मागच्या चाकाला चक्क स्प्रिंग. पनवेलच्या बाजारात लोक थांबून विचारायचे, स्कूटरचा शॉकअप सायकलला कुणी बसवला हो? मी निऱ्या पिनेने अडकवून वर बसले की आई दारातून ओरडायची, "निघाली बघा स्वारी!" आपट्यापर्यंत तासाभराचा रस्ता, आणि तिथून वाडीवर चढणारी दगडांची वाट. चढताना ढकलत न्यायची आणि उतरताना नुसतं बसायचं. स्प्रिंगमुळे कंबर शाबूत राहायची. मी भलतीच खूश होते.

आवाज आधी ऐकलात तो तुम्ही. मी अंगणात सायकल आत घेत होते आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "थांब. पुन्हा बस. आता उठ." कट. अगदी बारीक, बोट मोडावं तसा. मी म्हटलं, एवढंच ना? तुमचा चेहरा उतरला तो उतरलाच. दुसऱ्या दिवसापासून आपल्या अंगणात तुमची कंपनीतली शिफ्ट सुरू झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुमचा कायदा. सीट काढून मला उभ्यानं चालवायला लावलंत. आवाज तसाच, म्हणजे सीट नाही. पायडल न मारता उतारावरून सोडलंत. आवाज तसाच, म्हणजे पायडल नाही, चेनही नाही. मग तुमचा तो लांब स्क्रू ड्रायव्हर आला. त्याचं टोक एकेका बोल्टावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. वजन टाकायला सीटवर आई. मी हँडल धरलेलं, आई वरखाली होतेय आणि कुंपणापलीकडे शेजारणी तोंडाला पदर लावून हसतायत. "या वयात काय नाचवताय मला?" असं आई करवादली, तशी मीही फिदीफिदी हसले. तुम्ही हसला नाहीत. आता हे लिहिताना मलाही हसू येत नाहीये.

शेवटी तुम्ही स्प्रिंग काढलीत आणि तिच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकून बसवलात, म्हणजे मागचा भाग जराही हलणार नाही. मी बसले. कट. तुम्ही उकिडवे बसला होतात, तसेच मागे हात टेकून बसलात. म्हणालात, "हलणारं सगळं बांधून टाकलं तरी वाजतंय. म्हणजे जे हलायला नको ते हलतंय." मग स्प्रिंग परत चढवलीत आणि बॅटरी घेऊन फ्रेमचा एकेक जोड पाहिलात, पण काळ्या रंगावर काही म्हणता काही दिसेना. तेव्हा फर्मान निघालं: सायकल काढायची नाही, आणि कारण सापडेपर्यंत तिला तेलाचा थेंब लावायचा नाही. तेलाने आवाज मरतो, दुखणं मरत नाही.

मी भडकले. "तिकडे वाडीवर पोरगी दिवस भरून बसलीय, पहिलटकरीण आहे. मी काय जीपची वाट बघत बसू? उगाच घाबरवू नका हो!" तेव्हा तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात, जन्मात पहिल्यांदा. "घाबरायलाच पाहिजे!" आणि मग हळू आवाजात ती हकिगत सांगितलीत, जी आईलाही माहीत नव्हती. कंपनीतला एक मोठा पंखा आठवडाभर वाजत होता. तुम्ही साहेबांना सांगितलंत, साहेब म्हणाले, चालतोय ना, चालू दे. मग एका सकाळी तो वाजायचा थांबला. सगळे म्हणाले, बघा, झाला नीट. दुपारी त्याचा दांडा तुटला आणि तुमच्याबरोबर डबा खाणारा माणूस तुमच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर तुम्हाला आवाजाची भीती वाटायचीच, पण तो थांबला तर जास्त वाटायची. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, बिचारे बाबा. माझ्या सायकलचा आणि त्या पंख्याचा काय संबंध!

आणि मग आली खंडेनवमी. तुम्ही कंपनीत मशिनांच्या पूजेला गेलात. घरात आईने तुमचे पाने, हातोडी, शिवणाचं मशीन, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं, तेलाचं बोट लावलं. सायकल तरी कशी सोडेल? सणाला कोरडी ठेवायची म्हणजे अपशकुन. तिने वाटीत तेलात कुंकू कालवलं आणि प्रत्येक जोडाला, प्रत्येक बोल्टाला सढळ हाताने माखलं, वर झेंडूचा हार. संध्याकाळी तुम्ही आलात, सवयीने सीट दाबलीत. काही नाही. पुन्हा दाबलीत. चिडीचूप. आई म्हणाली, "बघा, पूजा पावली!" मी टाळ्या पिटल्या. तुम्ही हात धुवायला म्हणून मोरीत गेलात आणि बराच वेळ बाहेरच आला नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात आणि मी निघाले. पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता, थांबणं शक्यच नव्हतं. काय सुरेख चालली ती त्या दिवशी! हूं नाही की चूं नाही. वाडीवर पोचले, मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. पोरीची सासू म्हणाली, "बाय, दसऱ्याची लक्ष्मी आली गो आमच्या घरी." मी निघायला सायकलपाशी आले तर माझ्या पांढऱ्या साडीवर लाल डागच डाग. चढताना ढकलताना लागलेले. आईच्या नावाने बोटं मोडत मी एक फडकं मागून घेतलं आणि फ्रेम घासून पुसायला लागले. सगळं निघालं. सीटखाली, जिथे मागचा भाग पुढच्याला जोडला होता त्या वेल्डिंगच्या कडेला, एक केसाएवढी लाल रेघ राहिली. पुसली, गेली. जरा बघतेय तोवर परत आली. सासू वाकून म्हणाली, "ही जात नाय गो. आतून येतंय रगत."

तुम्ही कंपनीतून येऊन सांगायचात ना, टाकीच्या वेल्डिंगला लाल औषध लावतात, पुसून काढतात, आणि भेग असेल तिथून लाल पुन्हा बाहेर येतं? आईच्या तेलाकुंकवाने तेच केलं होतं. समोर ती उतरण होती, जिच्यावरून मी रोज पाय सोडून, ब्रेकला बोटसुद्धा न लावता यायचे. कडेला खोल ओहोळ. मी सायकल हाताने धरून उतरायला लागते. प्रत्येक दगडावर मागचं चाक आदळतं आणि मी दचकते. चप्पल घसरतेय. काही होणार नाही हे कळतंय, मी तर पायी आहे. पण सकाळी येताना रस्त्यावरच्या खड्ड्यांत मी दाणकन आपटत आले होते, ते प्रत्येक आपटणं आता अंगात येतंय. मला रडू फुटलं. भर दुपारी, रानात, एवढी घोडी झालेली मी बाबा बाबा करत रडत होते.

आणि खाली पाहते तर तुम्ही. एसटीने आपट्याला उतरून, वाटेत ज्याला त्याला विचारत, घरातल्याच लेंग्यावर, वाट चढून येताय. छाती भात्यासारखी वरखाली होतेय. मला पाहिलंत आणि जागच्या जागी थांबलात.

"चालत आलीस?"

"हो."

"वरपासून?"

"हो, बाबा."

मी बोलणी बसण्याची वाट बघत उभी. तुम्ही सायकल माझ्या हातातून घेतलीत, रेघ पाहिलीत आणि सीटवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलंत. फ्रेमने तोंड उघडलं, बाबा. आवाजसुद्धा झाला नाही. तुम्ही वाटेवरच मटकन खाली बसलात. माझा हात घट्ट धरलात आणि तो तुमच्या हातात थडथड उडत होता. मला वाटलं, मीच थरथरतेय. मग कळलं, मी नाही, तुम्ही. ओठ निळसर दिसत होते, पाणी म्हणालात तेही पुरतं फुटलं नाही. त्या घटकेला सायकल, ओहोळ, सगळं माझ्या मनातून गेलं. मला पहिल्यांदा दिसलं की तुम्ही म्हातारे झालाय, आणि तुम्ही मरणार.

तुम्ही त्यानंतर पुष्कळ जगलात, मजेत जगलात. ती सायकल भंगारात गेली, मला स्कूटर आली. पण त्या दिवसापासून तुम्ही अंघोळीला जास्त वेळ लावलात की मी कडी वाजवायचे. दुपारी डोळा लागला की छाती हलतेय का ते बघायचे. तुम्ही चिडायचात, "काय गं सारखं?" आणि मी काहीतरी थाप मारायचे. मग एक दिवस तुम्ही खरंच गेलात. मला वाटलं, चला, ज्याची भीती होती ते होऊन गेलं, आता सुटले. कसलं काय! तुम्ही नाही, हे मला पक्कं माहीत आहे. शेवटचं सगळं माझ्याच हातांनी केलंय. तरी अजून कधी दुपारी जाग येते आणि पहिला विचार येतो तो हाच, की बाबांना काही होणार तर नाही ना? आई सगळ्यांना सांगते, माझी लेक मोठी धीट. मी तिला सांगितलेलं नाही. तुम्हालाही पहिल्यांदाच सांगतेय.