पणजी नर्स नव्हती

ती. आईला, लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. हातांना भेगा पडल्यात, पण मलम लावते, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

मामा वंशावळ छापायला देतोय ना, त्याला थांबव. इथल्या हॉस्पिटलाच्या जुन्या दप्तरात मला पणजी सापडली. ती नर्स नव्हती, लाँड्रीत होती. फोटोही आहे. चादरीचं टोक हनुवटीखाली दाबून घडी घालतेय, अगदी तुझ्यासारखी! मला हसूच फुटलं.

मामा फोनवर म्हणाला, "नर्सच राहू दे गं. कोण तपासायला येणार आहे?"

म्हटलं, "मी आलेय ना तपासायला!"

त्यानं फोन आपटला. आपटू दे. रक्तानं माखलेल्या चादरी उकळून तिनं आजीला वाढवलं, त्यात लाजायचं काय? लाँड्रीच छापायची, नाहीतर माझं नाव त्यातून काढा.

आणि आई, शेजारच्या काकूंनी माझी चौकशी केली की तू "हॉस्पिटलात असते" एवढंच सांगून विषय बदलतेस, ठाऊक आहे मला. या वेळी पुढचंही सांग. म्हणावं, पणजीच्याच लाँड्रीत आहे.

तुझीच,
हट्टी लेक