मस्टर्डचं काय झालं?

शनिवार, ११ जानेवारी
क्लाइव्ह हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं.

हडर्सफील्डला आज जुन्या कॉमिक्सचा बाजार होता. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला – 'लार्कर' साप्ताहिकाचा तो अंक, ज्यात मस्टर्ड कुत्रा कालव्याच्या दोन दारांमध्ये अडकलेला असतो, पाणी चढत असतं, आणि ती दारं राखणारी म्हातारी कपडे वाळत घालायची दोरी टाकून त्याला वर ओढते. एकोणीसशे एकोणसाठचा उन्हाळा. 'लार्कर'बद्दल क्लाइव्हला ठाऊक नाही असं काही नाही, अर्धं आयुष्य त्यात घातलंय त्याने. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि मला खुर्ची दिली. खुर्ची! उभ्या माणसाला कुणी अशी खुर्ची दिली की समजावं, काहीतरी वाईट सांगायचंय.

त्या उन्हाळ्यात छापखान्यांचा संप होता, हे मला माहीतच होतं. पण माझी आपली एक आशा होती, की इकडे उत्तरेत एखादा अंक गुपचूप निघाला असेल. क्लाइव्हने तीही संपवली. छापखान्यातल्या जुन्या माणसाशी तो स्वतः बोलला होता. एक पान निघालं नाही.

"अडकतो तो अंक आहे, सिरिल. संप मिटल्यावरच्या अंकात मस्टर्ड बोटीच्या टपावर ऊन खात बसलाय. सुटला कसा, ते कुणी सांगितलंच नाही. तुझी ही म्हातारी कुठून आली?"

मी म्हटलं, मी वाचलाय तो अंक. त्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "होतं असं आपल्या वयात."

आपल्या! माझ्याहून चांगला नऊ-दहा वर्षांनी लहान आहे तो.

रविवार, १२ जानेवारी
बाबांचंही असंच सुरू झालं होतं. डचेस नावाच्या घोडीला परसात उभं राहून हाका मारायचे. आमच्याकडे घोडी कधीच नव्हती. पण त्यांना तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा आठवायचा.

मला दोरीला लावलेले चिमटे आठवतात.

बुधवार, १५ जानेवारी
शांतपणे लिहून काढतो. लिहिलं की खोटं काय ते दिसेल.

सात वर्षांचा होतो. घटसर्प. टेकडीवरचं संसर्गाचं इस्पितळ. आईबाबांना, थोरल्या बहिणीला म्युरिएलला, कुणालाच आत येऊ देत नसत. ती बिचारी बाहेर गवतात उभी राहायची आणि मी बंद काचेतून बघायचो. आत गेलेली वस्तू बाहेर यायची नाही – खेळणी, पुस्तकं, सगळं शेवटी भट्टीत. माझी तिथली सगळी 'लार्कर' तशीच गेली. म्हणून तर मोठेपणी एकेक करून ती पुन्हा जमवत बसलो. लोक म्हणतात छंद. छंद कसला! जाळलेलं परत आणतोय.

सगळे अंक मिळाले. तेवढा एक नाही.

त्या अंकाचं काय आठवतं? कोपऱ्यात पेन्सिलीने 'ओल्डरॉइड' – पेपरवाला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अंकावर लिहायचा तसं आमचं आडनाव. कागद जाड, चिवट. मस्टर्ड चांगला पिवळा-तपकिरी. आता, 'लार्कर'मध्ये लाल आणि काळा सोडून तिसरा रंग कधी नव्हता! आणि पानांना बेकनचा वास. इस्पितळात बेकन कुठलं, मला तर पातळ खिमटाशिवाय काही मिळत नव्हतं.

झालं. दिसलं खोटं. वास, रंग, म्हातारी – माझ्या डोक्याने कुठून कुठून गोळा करून शिवलेली गोधडी आहे ही.

गुरुवार, १६ जानेवारी
किटली गॅसवर ठेवून विसरलो. करपली. आधीही करपायची, पण तेव्हा ती नुसती किटली होती.

रविवार, १९ जानेवारी
म्युरिएलकडे जेवायला. ऐंशी ओलांडली, तरी रविवारचं भाजलेलं मांस आणि ग्रेव्ही तिच्याच हातची हवी. हात थरथरतात आता. ग्रेव्ही सांडली, ती मेजाच्या कापडाला रागावली. अंगठ्यावरचा तो जुना वण पांढरा पडलाय – पंधराव्या वर्षी किराणा दुकानात कामाला लागली तेव्हा बेकन कापायच्या यंत्राने दिलेला.

"काय मग, रद्दीवाले? मिळाली का रद्दी?" नेहमीचं तिचं. मी नाही म्हटलं. "मिळाली तर खिडकीच्या फटीत लाव. तुझ्या घरात वारा फार." मी हसलो. हसताना गाल दुखले.

तिला सांगायचं म्हणून गेलो होतो. नाही सांगितलं. बाबांची शेवटची वर्षं तिने एकटीने काढली. त्यांना आंघोळ घालायची, दाराला वरून कडी लावायची, घोडीला चारा घातला म्हणून खोटं सांगायची. मी महिन्यातून एकदा केक घेऊन जायचो. आता तिच्या दारात जाऊन सांगू – बाई गं, दुसरा आला?

गुरुवार, २३ जानेवारी
डॉक्टरकडे जाऊन आलो. तरुण मुलगी, पायात खेळायचे बूट. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. एक नाव-पत्ता पाठ करायला दिला, मध्ये उलटे आकडे म्हणायला लावले, मग पत्ता परत विचारला. सगळं बरोबर आलं! मी सुटलोच होतो. पण तोंड गप्प बसेना. म्हटलं, कधीच न निघालेला एक अंक मला आठवतो, पानन् पान.

तिने लिहून घेतलं. चांगलं अर्धं पान लिहून घेतलं. मग म्हणाली, पुढच्या वेळी लहानपणापासून तुम्हाला ओळखणारं कुणीतरी बरोबर आणा.

तसं एकच माणूस उरलंय.

सोमवार, २७ जानेवारी
क्लाइव्हचा फोन. संग्रह विकायचा विचार असेल तर आधी त्याला सांगावं. काळजीनेच बोलत होता, ते जास्त लागलं. कपाटांसमोर उभा राहिलो. मी उद्या यांनाच ओळखलं नाही तर? बाबा शेवटी म्युरिएललाच विचारायचे, बाई, तुम्ही कोण?

भीती वाटते. दुसरा शब्द नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी
म्युरिएलला फोन केला. गुरुवारी डॉक्टरकडे बरोबर येशील का? का, विचारलं नाही तिने. नुसती म्हणाली, "गाडी तू चालवणार असशील तर जाड मोजे घालते. तुझा हीटर मेलेला असतो."

बुधवार, ५ फेब्रुवारी
उद्या. बूट पुसले. मस्टर्ड अडकतो तो अंक पिशवीतून काढून उगाच पुन्हा पाहिला. पाणी नाकापर्यंत आलंय. खाली लिहिलंय, पुढच्या आठवड्यात वाचा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
दवाखान्याच्या दारात गाडी लावली आणि तिथेच सगळं सांगून टाकलं. क्लाइव्ह, संप, म्हातारी, दोरी, बाबांची घोडी. म्युरिएल समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

मग म्हणाली, "दोरी काही जमली नव्हती मला. साप वाटत होता."

माझे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"छापखाने बंद. आणि तू काचेआडून एकच विचारायचास, आवाज यायचा नाही, पण ओठ कळायचे – मस्टर्डचं काय झालं? डॉक्टरांनी आईला सांगून टाकलं होतं, पोर हा आठवडा काढणार नाही. मी दुकानातून बेकन गुंडाळायचा कागद आणला आणि रंगीत खडू घेऊन बसले. कुत्र्याला बुडू देणार होते का मी?"

इतकी वर्षं बोलली का नाहीस, विचारलं.

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे. कोपऱ्यातलं आडनाव माझ्याच अक्षरात होतं की रे, येड्या. आणि तू जगभर विचारत फिरलास. मला कधी विचारलंस?"

गाडीत बसून रडलो. तिने मोजा काढून दिला, रुमाल नव्हता म्हणून. मग आत जाऊन तिनेच डॉक्टरला सांगितलं.

येताना तिच्यासाठी रंगीत खडूंची पेटी घेतली. म्हणाली, माझे हात बघ कसे झालेत. म्हटलं, दोरी वाकडीच हवी.